पाळणाघर दोघांचं

पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्यावरून आत वळलं की राळेगणसिद्धी लागतं. त्याच रस्त्याच्या एका अंगाला सुप्याची औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या अंगाला शिरूर ओलांडलं की रांजणगावची. पारनेर तालुक्यातला माणूस पूर्वी पोटासाठी मुंबई गाठायचा. आता कारखान्यातली पाळी गावापासून मोटारसायकलच्या अंतरावर आली आहे. बायकाही पॅकिंगला, जुळणीला जातात; ज्या जात नाहीत त्या वाटाणा तोडायला, कांदा लावायला, कांदा काढायला रोजानं जातात. अशा घरात दीड वर्षाचं मूल असलं तर दिवसभर ते कुणापाशी राहतं? आजीपाशी, आजी धडधाकट असेल तर. नाहीतर शेजारणीपाशी. नाहीतर बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत, आणि झोळीला झोका द्यायला शाळा बुडवून आलेली सात-आठ वर्षांची बहीण.

अंगणवाडी आहे की, असं कुणीही म्हणेल. अंगणवाडीनं या राज्यात मोठं काम केलं आहे. पण तिथं बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, आणि तीही दिवसातले काही तास. तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीकडून घरी न्यायचा आहार मिळतो, त्याचं वजन होतं, लशीची आठवण होते. त्याला दिवसभर सांभाळणं हे अंगणवाडीचं काम नाही. नेमकं तेच वय सांभाळायला सगळ्यात अवघड असतं.

या फटीत अलीकडे एक उत्तर पुढे येतं आहे: नवरा-बायकोनं मिळून, राहत्या घरात पाळणाघर काढायचं. शहरांत अशी घरं आहेतच. औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गावांनाही त्यांची गरज आहे. त्याचा आढावा घेताना माझं मत आधीच सांगून टाकतो. दोघांनी चालवलेलं पाळणाघर एकट्या बाईच्या पाळणाघरापेक्षा मुलांसाठी सुरक्षित आणि त्या घरासाठी टिकाऊ असतं. अट एकच. दोघांचं काम आणि दोघांचं नाव कागदावर असलं पाहिजे. आपल्याकडे सध्या तेच नसतं.

महाराष्ट्रात या गोष्टीची सुरुवात एका जोडप्याच्या घरातच झाली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवावं, अशी ती सोय होती. ही मुलं सावित्रीबाईंनी सांभाळली. त्यातल्याच एका मुलाला, काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या यशवंतला, पुढे १८७४ मध्ये दोघांनी दत्तक घेतलं. या घराला फीचं उत्पन्न नव्हतं. जोतीराव कंत्राटं घेत, खडकवासल्याच्या धरणाला माल पुरवत. त्या कमाईचा आधार या कामाला होता. घरातलं एक उत्पन्न बाहेरून येतं आणि घरात दोघांची जबाबदारी असते, ही मांडणी आजच्या घरगुती पाळणाघरातही बहुतेक ठिकाणी दिसते. दीडशे वर्षांपूर्वी ती या दोघांनी समाजाचा राग ओढवून घेऊन केली. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजानं धनकवडीला मुलांसाठी आश्रम चालवला, त्यातही दोघं होती.

पुढचा टप्पा ताराबाई मोडकांचा. गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं. गिजुभाईंना तर लोक प्रेमानं ‘मिशीवाली आई’ म्हणत, कारण वकिली सोडून लहान मुलांमध्ये जमिनीवर बसणारा पुरुष लोकांनी तोवर पाहिलेला नव्हता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ नंतर ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम करू लागल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मुलं बालवाडीत येत नाहीत, कारण मुलगे गुरं राखतात आणि मुली धाकटी भावंडं. म्हणून त्यांनी विकासवाडीची कल्पना मांडली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण शाळेत बसेल, कारण कडेवरचं मूल शेजारच्या खोलीत सांभाळलं जाईल.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. महाराष्ट्रातला पहिला प्रकल्प मेळघाटात धारणीला होता. अंगणवाडी हे ताराबाईंनी रुजवलेलं नाव या योजनेनं घेतलं, पण विकासवाडीतलं पाळणाघर मात्र मागे राहिलं. माझ्या मते आपल्या बालधोरणातली सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. पन्नास वर्षं आपण झोळीपाशी बसलेल्या बहिणीला शाळेत ये म्हणतो आहोत आणि तिच्या झोळीचं काय करायचं ते सांगत नाही.

१९७५ हे साल राळेगणच्या लोकांच्या लक्षात वेगळ्या कारणानं आहे. त्याच वर्षी सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावात परतले. पुढचं पुष्कळदा लिहिलं गेलं आहे: यादवबाबांच्या देवळाची दुरुस्ती, दारूच्या भट्ट्या बंद, बांधबंदिस्ती, श्रमदान, नशाबंदी-नसबंदी-चराईबंदी-कुऱ्हाडबंदी. दुष्काळी गावात दुधाचं आणि कांद्याचं उत्पन्न उभं राहिलं. पाळणाघराच्या प्रश्नासाठी मला यातल्या दोन कमी बोलल्या गेलेल्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, गावानं धान्याची कोठी काढली, सामुदायिक लग्नं लावली. म्हणजे जे प्रत्येक घराचं खासगी ओझं मानलं जातं ते ग्रामसभेत आणायची सवय लागली. दुसरी, गावच्या शाळेनं आणि वसतिगृहानं बाहेरची नापास झालेली, इतर शाळांनी नाकारलेली मुलं मुद्दाम घेतली आणि वाढवली. लोकांची मुलं सांभाळणं हे प्रतिष्ठेचं काम आहे, हे या गावाला पटवून द्यावं लागत नाही.

याच नगर जिल्ह्यात आणि शेजारी जोडप्यांनी उभी केलेली मुलांची घरं आहेत. नगरजवळ शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे निराधार मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना सांभाळतात. बीड जिल्ह्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शांतिवन उभं केलं. मुंबईत प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये प्रेरणा ही संस्था काढली आणि कामाठीपुऱ्यात रात्रीचं पाळणाघर सुरू केलं, कारण तिथल्या आयांचं काम रात्री चालतं आणि मुलांना धोका रात्रीच असतो. ही सगळी कामं मोठी आहेत. पण ती देणग्यांवर आणि आयुष्य वाहून टाकण्यावर उभी आहेत. पारनेर तालुक्यातल्या एखाद्या जोडप्याला आयुष्य वाहायचं नाही, प्रामाणिकपणे पोट भरायचं आहे. सांभाळाचं काम करणाऱ्यानं सेवाभावी असावं आणि पैशाचं बोलू नये, ही अपेक्षा आपण सोडून दिली पाहिजे. डॉक्टर फी घेतो म्हणून त्याची माया कमी ठरत नाही.

आता शहरातल्या घरगुती पाळणाघरांकडे येऊ. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कुठंही जा. दारावर पाटी असते ती काकूंच्या नावाची किंवा नुसती ‘घरगुती पाळणाघर’ अशी. आत काकाही असतात. कंपनी बंद पडलेली, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली किंवा निवृत्त. सकाळी दूध आणतात, मुलांना शाळेच्या रिक्षातून उतरवून घेतात, दुपारी एखाद्याला मांडीवर थोपटून झोपवतात, भाजी आणतात, फीचा हिशेब ठेवतात. विचारलं तर काकू म्हणतात, ‘हे थोडी मदत करतात.’ काका म्हणतात, ‘तिचं आहे हो सगळं, आपण असतो आपले.’ दोघांच्या बोलण्यात लाज वेगवेगळी आहे. त्याला मुलं सांभाळण्याची लाज, तिला नवऱ्याकडून हे करवून घेण्याची.

तरुण जोडप्यात हेच उलट्या अंगानं होतं. पाळणाघर बायकोचं काम म्हणून ओळखलं जातं, पण गुमास्त्याचा कागद, बँकेचं खातं आणि क्यूआर कोड नवऱ्याच्या नावावर असतो. नगर जिल्ह्याला जोडप्याच्या कामाचा एक जुना हिशेब माहीत आहे. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल मुकादम पुरुषाच्या हातात देतो, तोडणी आणि मोळी दोघं करतात, आणि तिच्या वाट्याचा आकडा कुठंच वेगळा लिहिलेला नसतो. पाथर्डी-शेवगावकडच्या पिढ्यान् पिढ्या या हिशेबात गेल्या. पाळणाघरात तोच कोयता घरात आणायचा नसेल तर पहिल्या महिन्यापासून दोन नावं लिहायला हवीत.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवताना दिसली, पुरुष ९७. पुढच्या, २०२४ च्या पाहणीत १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बायका दिवसात कुणाला तरी सांभाळण्याचं काम करत होत्या, पुरुष २१.४ टक्के. म्हणजे पाळणाघर काढणारं जोडपं सुरुवात करतं तेच असमान पायावर. तिचा दिवस आधीच भरलेला असतो. त्यात सहा मुलं आली तर नवऱ्यानं फक्त पाळणाघरातलं निम्मं काम उचलून भागत नाही, घरातलंही उचलावं लागतं. हे न बोलता सुरू केलेली पाळणाघरं वर्षभरात बाईच्या पाठदुखीवर बंद पडतात.

दोन माणसं का हवीत हे समजायला दुपारचे तीन वाजतानाचं कोणतंही पाळणाघर पाहावं. सतरंजीवर पाच मुलं झोपलेली. वरणभाताची ताटली अजून मोरीत. एक बाळ रडत उठतं, अंग तापलेलं लागतं. त्याच्या पिशवीतली औषधाची चिठ्ठी शोधायची, आईला फोन लावायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं. तेवढ्यात दाराशी गॅसवाला. त्याच्या हाकेनं दोन वर्षांचं दुसरं मूल उठून उघड्या दाराकडे चालू लागतं, आणि तिसऱ्यानं सतरंजी ओली केलेली असते. एकटी बाई कितीही मायाळू, कितीही चपळ असली तरी या तीन मिनिटांत कुणाकडे तरी तिची पाठ होणार. पाळणाघरातले अपघात या पाठीमागे होतात. दुसरा माणूस ही चैन नाही.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर बंधनकारक झालं, आईला दिवसात चार वेळा मुलाकडे जायची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहितेतही हे बंधन आहे. या कायद्याखाली केंद्रानं जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आणि जोडीला मदतनीस धरली आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका मजूर स्त्रीनं त्यांना सांभाळायचं आणि तिला त्याची मजुरी द्यायची, अशी तरतूद केली गेली. कागद चांगले आहेत. पण या कागदांत सांभाळणारी बाईच धरलेली आहे, पुरुषाचा विचार त्यांत नाही. आणि पन्नासच्या आत माणसं असलेल्या कारखान्यातली, कंत्राटदाराच्या हजेरीवरची आणि रोजानं कांदा काढणारी आई प्रत्यक्षात या कागदांच्या बाहेरच राहते.

पालना ही केंद्राची योजना २०२२ पासून मिशन शक्तीत आली. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्यातले २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची तिच्यातली कल्पना ताराबाईंच्या विकासवाडीच्या जवळ जाणारी आहे आणि तिचं मनापासून स्वागत केलं पाहिजे. पण पाळी आठ तासांची असते, जाण्या-येण्याचा तास-दीड तास वेगळा, आणि दुसरी पाळी रात्री सुटते. तो वेळ भरून काढायला घरगुती पाळणाघरच लागेल.

बाहेरच्या जगात या कामाचे तीन नमुने बघण्यासारखे आहेत. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्याची सरकारी नोंदणी आणि तपासणी होते. एका माणसाकडे आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यांत पाच वर्षांखालची तीन, आणि साधारणपणे एकच तान्हं. नवरा-बायको दोघंही नोंदणी करून एकत्र काम करू शकतात. त्यातली एक अट मला सगळ्यात मोलाची वाटते: घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची पोलिसी पडताळणी होते, तो मुलं सांभाळत असो वा नसो. तिथंही कागदपत्रांचा भार आणि अपुरं उत्पन्न यांमुळे अशा घरांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत फार घसरली. डेन्मार्कमध्ये घर त्या बाईचं, पण पगार नगरपालिकेचा. १९६४ पासून त्याला कायद्याचा आधार आहे. तिसरा नमुना कोलंबियाचा. तिथं १९८६-८७ पासून गरीब वस्त्यांतल्या बायका स्वतःच्या घरी बारा-चौदा मुलं सांभाळू लागल्या, सरकार धान्य आणि थोडा मोबदला देई. त्यांना किमान वेतन मिळायला २०१४ उजाडलं. आपल्या अंगणवाडी सेविकांच्या मानधनाच्या लढ्याशी हे इतकं जुळतं की आपण शिकायचं ते कोलंबियाकडून.

पैशाचं गणित मांडल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. गावात एका मुलामागे महिना १,२०० रुपये फी धरू आणि सढळ हातानं आठ मुलं धरू. महिन्याला ९,६०० झाले. दोघं २६ दिवस काम करतात, म्हणजे माणशी दिवसाला साधारण १८५ रुपये. त्यातून दूध, गॅस, साबण अजून वजा व्हायचे आहेत. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. थोडक्यात, मातीकाम करणाऱ्याला जे मिळतं त्याच्या दोन-तृतीयांशसुद्धा लहान मुलं सांभाळणाऱ्याला पडत नाही. फी दुप्पट केली तर रोजंदारीवरची आई ती देऊ शकत नाही. शहरात हे जमतं कारण फी भरणाऱ्या घरात दोन पगार असतात. गावात आई, कारखाना आणि ग्रामपंचायत किंवा शासन अशा तिघांनी मिळून फी उचलली तरच पाळणाघर तगेल. एकेकट्या छोट्या कारखान्याला स्वतःचं पाळणाघर परवडत नसेल तर त्यानं गावातल्या दोन घरांना महिन्याचे पैसे बांधून द्यावेत.

आता विश्वासाचं. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्हीचं चित्रण बाहेर आलं, दहा महिन्यांच्या बाळाला आया मारत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानं राज्य हादरलं. त्यानंतर पुरुष असलेल्या घरात मुलगी ठेवायची का, हा प्रश्न आया उघड विचारतात. तो त्यांनी विचारलाच पाहिजे, आणि पाळणाघर काढणाऱ्या पुरुषानं त्याचा राग मानू नये. पण पुरुषाला घराबाहेर काढणं हा त्यावरचा उपाय नाही. एकट्या बाईच्या पाळणाघरातही दीर, मुलगा, भाडेकरू असतातच, फक्त त्यांचं नाव कुठं नसतं. ज्याचं नाव नोंदलं आहे, ज्याची पडताळणी झाली आहे, ज्याच्या कामाचे तास ठरले आहेत तो पुरुष जास्त जबाबदार असतो. धुण्या-पुसण्याचं काम ठरलेल्या एकाच माणसाकडे आणि उघड्या जागी, खोलीचं दार कधी लावायचं नाही, आई-वडिलांनी न कळवता केव्हाही यावं: असे नियम कॅमेऱ्यापेक्षा जास्त काम करतात. पोक्सोच्या २०१२ च्या कायद्यानं संशय आला तरी कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. जोडप्यात एकाचं दुसऱ्याबद्दल काही कळलं तरी हे बंधन सुटत नाही. दोघांच्या पाळणाघराचा खरा धोका इथं आहे, नातं जपण्यासाठी गप्प बसण्याचा. म्हणून तिसरी नजर लागते.

ती नजर शहरात कुणाची असावी, याचं उत्तर कठीण आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकीच माणसं कामाला असतील तर नुसती सूचना देऊन काम सुरू करता येतं. मुलांची संख्या, जागा, पडताळणी यांबद्दल तो कायदा विचारत नाही. गावात मात्र ती नजर मिळू शकते. राळेगणसारख्या ग्रामसभेत उभं राहून एखादं जोडपं म्हणालं, की आम्ही सहा मुलं सांभाळू, तर गाव त्यांना दहा प्रश्न विचारेल. घरात कुणी पितं का, हा तिथं पहिला प्रश्न असेल, आणि तो विचारण्याचा अधिकार या गावानं कमावलेला आहे. विहीर झाकलेली आहे का, गोठा किती लांब, फवारणीचं औषध कुठं ठेवता, चुलीपाशी आडकाठी आहे का, रात्री-अपरात्री मूल आजारी पडलं तर गाडी कुणाची. आशाताई आणि अंगणवाडीताई महिन्यातून एकदा डोकावतील, वजनं तिथंच घेतील. अंगणवाडीच्या वेळेत मोठी मुलं तिकडे जातील, धाकटी इथं राहतील.

नावाचा प्रश्नही गावातच सुटू शकतो. १९९० च्या आगेमागे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी आपली जमीन बायकोच्या नावे केली. पुढे ‘घर दोघांचे’ म्हणत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नवरा-बायको दोघांची नावं लावायची मोहीम झाली, शासनानं ती स्वीकारली. ज्या घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं आहेत त्या घरात चालणाऱ्या कामाच्या नोंदीवरही दोघांची नावं लावायला नवा कायदा लागत नाही. उद्यमची नोंदणी, बँकेचं संयुक्त खातं, फीच्या पावतीवर दोन सह्या, आणि महिन्याअखेरीस दोघांच्या वाट्याची रक्कम वेगवेगळी लिहिलेली वही. नवरा कारखान्यात पाळी करून उरलेला वेळ देत असेल तर वहीत तेवढेच तास आणि तेवढेच पैसे. उद्या दोघांचं पटलं नाही, एक जण आजारी पडला किंवा गेला, तर काम कुणाचं, मुलं कुणाकडे आणि अनुभवाचा दाखला कुणाला, याचा निकाल या वहीवर लागेल.

पाळणाघर काढू पाहणाऱ्या जोडप्यानं सुरुवात तीन मुलांनी करावी, सहावर थांबावं, तान्हं एकाच वेळी एकापेक्षा जास्त घेऊ नये. कांदा काढणीच्या दिवसांत आया मिनतवाऱ्या करतील, आणखी दोन ठेवा म्हणतील. तेव्हा नाही म्हणणं सगळ्यात जड जातं, कारण समोर उभी असलेली बाई शेजारची असते आणि तिचं मूल झोळीत जाणार हे माहीत असतं. म्हणून गावात असं एक घर पुरत नाही, तीन-चार लागतात, आणि एकानं नाही म्हटलं तर दुसरीकडे जागा आहे का हे सांगणारं कुणीतरी ग्रामपंचायतीत असावं लागतं.